डी ड्राइव्ह कुठे गेला?

तर झालं असं की, गेल्या शनिवारी क्रांती चौकातून ५०० जीबीची नवी एसएसडी घेऊन घरी आलो. बाबांच्या पीसीतली जुनी हार्डडिस्क कटकट आवाज करायला लागली होती. विंडोजचा पेनड्राइव्ह तयार होता. ‘कुठे इन्स्टॉल करायचं?’ या स्क्रीनवर पोचलो आणि मागून सूचना आली, "सी लहान ठेव, डी मोठा कर. फोटो डीमध्येच ठेवायचे."

मंडळी, हा नियम तुमच्याही घरी असेलच. पीसी असेंबल करून देणारा सी, डी, ई असे भाग पाडून द्यायचा. व्हायरस आला की सी फॉरमॅट, डी शाबूत. गाणी, लग्नाचे फोटो, बायोडेटा सगळं डीमध्ये. पण हे आलं कुठून?

मार्च १९८३. आयबीएमने पीसी एक्सटी आणला, त्यात १० एमबीची हार्डडिस्क. (हो, एमबीच. आज मोबाइलवरचे दोन-तीन फोटो.) ए आणि बी फ्लॉपीने आधीच अडवलेले, म्हणून हार्डडिस्क झाली सी. सोबतच्या डॉस २.० मध्ये एफडिस्क नावाचा प्रोग्राम होता. तो डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये ६४ बाइटचा एक तक्ता लिहायचा. एका पार्टिशनची नोंद १६ बाइटची. सोळा चोक चौसष्ट. झालं, चारच पार्टिशन! पुढे कित्येक वर्षं सगळं जग या पाढ्यात अडकलं :)

डिस्क मोठ्या झाल्या, पण डॉसला एका पार्टिशनमध्ये ३२ एमबीच्या पुढे मोजता येईना. म्हणून १९८७ साली डॉस ३.३ ने एक्स्टेंडेड पार्टिशन आणलं आणि त्याच्या पोटात डी, ई, एफ. म्हणजे ही अक्षरं वाढली ती नाइलाजाने. मग मर्यादा २ जीबीवर गेली, १९९६ मध्ये फॅट३२ ने तीही सुटली. तोवर सवय पक्की झालेली. फिरत्या तबकडीवर तिला अर्थही होता. पार्टिशन म्हणजे तबकडीवरचा खरोखरचा पट्टा, आणि सी बाहेरच्या, जास्त वेगवान कडेला.

जुन्या तक्त्याला २ टीबीपुढचं दिसत नव्हतं, म्हणून इंटेलच्या ईएफआयसोबत जीपीटी आलं. त्यात साधारण १२८ नोंदी मावतात आणि तक्त्याची एक प्रत डिस्कच्या शेवटीही असते. असो.

एसएसडीत मात्र तबकडीच नाही. कुठला डेटा कुठल्या चिपवर लिहायचा हे आतला कंट्रोलर ठरवतो, झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून जागाही बदलत राहतो. सी आणि डी यांच्यामधली भिंत फक्त तक्त्यात असते.

आणि इथेच खरी भीती आहे. हार्डडिस्कवर चुकून पार्टिशन उडालं तर बऱ्याचदा फक्त तक्ता जायचा, रिकव्हरी सॉफ्टवेअरने फोटो परत मिळायचे. विंडोज ७ पासून (२००९) ट्रिम आलं. फॉरमॅट केलं की विंडोज एसएसडीला सांगतं, ही जागा आता रिकामी, आणि कंट्रोलर सवडीने ती खरंच पुसून टाकतो. मग परत मिळण्याची आशा जवळपास शून्य.

माझ्यासमोर ‘डिस्क ०’ आणि ‘डिस्क १’ दोन्ही दिसत होत्या आणि मी ‘डिस्क ०’वर डिलीट दाबणार होतो. ती बाबांची जुनी डिस्क निघाली. पीसी बंद केला, तिची केबलच काढली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

मग रिकामी जागा निवडून सरळ नेक्स्ट दाबलं. ईएफआयचा १०० एमबीचा तुकडा आणि बाकीची लहान पार्टिशन्स विंडोजने स्वतःच केली. उरला एकच सी.

"डी कुठंय?" बाबा.

डीने आपल्याला विंडोजपासून वाचवलं, पण डिस्कच गेली असती तर सी-डी दोन्ही गेले असते, हे त्यांना समजावताना अर्धा तास गेला. रात्री जुन्या डिस्कवरचे फोटो एका बाहेरच्या डिस्कवर कॉपी केले, एक प्रत एसएसडीवरही टाकली. सकाळी बघतो तर बाबांनी बाहेरच्या डिस्कवर मार्करने लिहून ठेवलं होतं : डी.