किताबाची कडी

सकाळची तिलावत झाली की कुरआन शरीफ जुझदानात ठेवायचे, नाडी गुंडाळायची आणि उंच फळीवर ठेवून द्यायचे, ही आपल्या घरांतली जुनी रीत. त्या नाडीकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. पण ग्रंथ बंद कसा ठेवावा, या साध्या प्रश्नामागे हजार-अकराशे वर्षांचा इतिहास आहे.

ट्युनिशियातील कैरवानच्या मोठ्या मशिदीत कुरआनच्या फार जुन्या बांधण्यांचा साठा सापडला. मार्से आणि प्वांसो या फ्रेंच अभ्यासकांनी १९४८ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. नवव्या शतकातल्या अशा प्रती चर्मपत्रावर लिहिलेल्या, आडव्या आकाराच्या. लाकडी फळ्यांवर चामडे मढवलेले आणि खालच्या फळीच्या तीन कडांना चामड्याची उभी भिंत. म्हणजे बांधणी हीच पेटी! ती बंद करण्यासाठी वरच्या फळीत धातूची खुंटी आणि तीत अडकवायला चामड्याची वादी. हा बंद शोभेचा नव्हता. चर्मपत्र दमट हवेत फुगते, वाकते. त्याला दाबून ठेवावे लागते. युरोपातील जुन्या ग्रंथांना धातूच्या कड्या असत, त्याचेही कारण हेच.

आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादमध्ये कागद तयार होऊ लागला आणि हळूहळू त्याने चर्मपत्राची जागा घेतली. कागदाला एवढा दाब लागत नाही. फळीऐवजी पुठ्ठा आला, खुंटी-वादी मागे पडली आणि एक सोपी युक्ती रूढ झाली. मागच्या पुठ्ठ्याला जोडलेली, टोकाशी निमुळती चामड्याची झडप पानांची पुढची कड झाकते आणि वरच्या पुठ्ठ्याखाली सरकते. अरबीत तिला ‘लिसान’, म्हणजे जीभ, म्हणतात. कडी नाही, खिळा नाही; ग्रंथाचे स्वतःचे वजनच तिला धरून ठेवते. कुरआनच्या अनेक प्रतींच्या झडपेवर सूरह वाकिआची ७९वी आयत ठसवलेली आढळते. हात लावण्याआधी पाकीची आठवण देणारे हे कुलूपच म्हणायचे.

तीस पाऱ्यांच्या सुट्या जिल्दींना मात्र पेटी लागे. मामलुकांच्या इजिप्तमध्ये तिला ‘रबआ’ म्हणत. लाकडावर पितळ, त्यात सोन्या-चांदीचे जडावकाम, बिजागऱ्या आणि कडी-कोयंडा. पितळ लोखंडासारखे गंजत नाही, हा त्याचा मोठा गुण.

२०१२ मध्ये मालीतील तिंबक्तूवर सशस्त्र गटांनी ताबा मिळवला. तेव्हा अब्दुल कादिर हैदरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो हस्तलिखिते पत्र्याच्या ट्रंकांत भरून, कुलपे लावून राजधानी बामाकोला हलवली. संकटात ट्रंक आणि कुलूप कामी आले. पण बामाकोची हवा अधिक दमट. तिथे मग आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेट्या बनवाव्या लागल्या.

आपल्याकडेही वाडवडिलांच्या किताबा, सनदा, निकाहनामे ट्रंकेत पडून आहेत. कुठे रबर लावलेले, कुठे लोखंडी क्लिपा. रबर चिकट होऊन कागदाला धरते. कोकणच्या पावसात क्लिप गंजते आणि डाग पानात उतरतो. त्यापेक्षा पुठ्ठ्याची पेटी आणि न रंगवलेली रुंद सुती फीत बरी. गाठ कडेला बांधावी, म्हणजे तिचा वळ पानांवर उठत नाही. फीत झिजली तर थोड्याशा कापडात नवी होते, किताबाला इजा न करता.

आणि ती फीत अधूनमधून सोडावी. जी पेटी उघडतच नाही, तिच्यात वाळवी निवांत वाचत बसते.