चौकटीविना टांगलेलं चित्र

चित्र म्हटलं की आपल्याला काच आणि लाकडी चौकट आठवते. पण पिकासोचं ‘गेर्निका’ हे जगप्रसिद्ध चित्र चौकटीवाचूनच भिंतीवर लागलं.

स्पेनमध्ये यादवी चालू होती. २६ एप्रिल १९३७, सोमवार, बाजाराचा दिवस. जर्मन आणि इटालियन विमानांनी गेर्निका हे गाव बेचिराख केलं. पिकासो तेव्हा पॅरिसला होता. पाच-सहा आठवड्यांत त्याने तो आकांत काळ्या-पांढऱ्या-करड्या रंगांत कापडावर उतरवला. उंची साडेअकरा फूट, रुंदी सुमारे साडेपंचवीस फूट! त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात ते चित्र स्पेनच्या दालनात झळकलं.

असलं कापड मागच्या लाकडी सांगाड्यावर ताणून बसवतात. सांगाड्यावरून सोडवलं की चटईसारखी त्याची गुंडाळी होते. म्हणून तर हे एवढं थोरलं चित्र देशोदेशी हिंडलं, स्पॅनिश निर्वासितांसाठी मदत गोळा करीत. स्पेनमध्ये स्वातंत्र्य आल्यावरच ते तिथे जावं, ही पिकासोची अट. हुकूमशहा फ्रँको १९७५ मध्ये वारला आणि १९८१ साली चित्र न्यूयॉर्कहून स्पेनला पोचलं. पण वारंवार गुंडाळल्याने रंगाला तडे गेले होते. आता माद्रिदहून ते कुठेही पाठवीत नाहीत.

गुरुजनहो, शाळेत मुलांनी कापडावर काढलेलं चित्र लावताना रंगावर खिळा ठोकू नका. ओलसर भिंत टाळा. गुंडाळायचंच झालं, तर रंगाची बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळा. गुंडाळी जितकी घट्ट, तितका रंग लवकर तडकतो.