‘दगडफूल’ : एका नावाचा इतिहास

गोड्या मसाल्यात पडणारा, चुरगळलेल्या कागदासारखा दिसणारा जो काळसर-करडा पदार्थ, त्यास आपण ‘दगडफूल’ म्हणतो. तो फूल नव्हे, हे बहुतेकांस ठाऊक असते. परंतु बाजारात येणाऱ्या या मालाचा दगडाशीही फारसा संबंध नसतो, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. नावातील ही विसंगती त्याच्या रक्षणाच्या आड कशी येते, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

ही कल्पना पुष्कळ जुनी आहे. अमरकोशाच्या वनौषधिवर्गात ‘शैलेय’ या द्रव्याचे जे पर्याय दिले आहेत, त्यांत ‘कालानुसार्य’, ‘वृद्ध’ व ‘शीतशिव’ यांबरोबर ‘अश्मपुष्प’ हाही शब्द येतो. ‘अश्मपुष्प’ आणि ‘दगडफूल’ यांचा अर्थ तंतोतंत एकच आहे. मात्र पहिल्या शब्दापासून ध्वनिपरिवर्तनाने दुसरा निघालेला नाही. शब्द बदलले, प्रतिमा टिकली. हिंदीतील ‘पत्थरफूल’, कन्नडमधील ‘कल्लुहूवु’ आणि तेलुगूतील ‘रातिपुव्वु’ यांची घडण अशीच आहे. तमिळ ‘कल्पासी’मध्ये फुलाच्या जागी शेवाळ आले, परंतु ‘कल्’ म्हणजे दगड कायम राहिला. दोन भिन्न भाषाकुलांत एकच प्रतिमा नांदावी, यामागे औषधी द्रव्यांचा व मसाल्यांचा व्यापार असावा, असे मानणे सयुक्तिक वाटते.

याउलट, जेथून हा माल मोठ्या प्रमाणावर येतो त्या कुमाऊँ-गढवालच्या डोंगरांत त्याला ‘झूला’ म्हणतात. हा शब्द झोक्याचा आहे, खडकाचा नव्हे. बांज आदी वृक्षांच्या खोडांवरून व फांद्यांवरून तो तेथे गोळा केला जातो. गोळा करणाऱ्याने झाड पाहिले. दूरच्या ग्राहकाने केवळ दगड ऐकला.

शास्त्रीय नामकरणाचा प्रवासही एकाकडून अनेकांकडे झालेला आहे. लिनियसने १७५३ साली ही सर्व सृष्टी ‘लायकेन’ या एकाच प्रजातीत घातली. १७६२ साली हडसनने वर्णिलेली ‘लायकेन पर्लेटस’ ही जाती पुढे अकॅरियसने ‘पार्मेलिया’त नेली आणि १९५२ साली शॉइसीने तिला ‘पार्मोट्रेमा पर्लेटम’ हे नाव दिले. दरम्यान, १८६७ साली श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने असे प्रतिपादन केले की, हा एक जीव नसून कवक व शैवल यांचा संयोग आहे. मराठी परिभाषेतील ‘शैवाक’ हा शब्द याच दोन नावांच्या सांध्यातून सिद्ध झालेला असून, तो वस्तुस्थिती यथार्थ सांगतो.

बाजारातील ‘दगडफूल’ ही मात्र एक जाती नव्हे. हायपोट्रॅकिना सिऱ्हाटा, पार्मोट्रेमा पर्लेटम, पार्मोट्रेमा टिंक्टोरम आणि आपल्या नावात नीलगिरी वागविणारे पार्मोट्रेमा निलघेरेन्से अशा अनेक जाती एकाच पोत्यात भरल्या जातात. यांपैकी काही खडकांवरही आढळतात. टिंक्टोरम तर खडक व साल या दोहोंवर वाढते. हिमालय, सह्याद्री आणि नीलगिरी येथे शैवाकांची समृद्धी आहे. परंतु प्रत्येक जातीचा विस्तार व आसरा वेगळा असतो. पानासारख्या शैवाकांची वाढ वर्षाकाठी बहुधा काही मिलिमीटर इतकीच होते. शिवाय दगडफुलाची शेती होत नाही. सारा माल रानातूनच येतो. म्हणजे एका दिवसात खरवडलेले भरून येण्यास कित्येक वर्षे लागतात.

अशा स्थितीत, एखादी जाती दुर्मिळ झाली तरी पोत्याचे वजन दुसऱ्या जातीने भरून निघते आणि ऱ्हास दिसत नाही. कायद्याचे लक्षही इकडे उशिराच वळते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमास १९९१ साली वनस्पतींची जी अनुसूची जोडण्यात आली, तीत सहा वनस्पती होत्या; शैवाक एकही नव्हते.

‘दगड’ या शब्दाने अक्षयतेचा भास होतो. वस्तुतः या संपत्तीचा मोठा भाग जुन्या वृक्षांच्या आयुष्याशी बांधलेला आहे. वृक्ष तुटला की आसरा गेला. म्हणून नमुने गोळा करताना जातीबरोबर आधार, म्हणजे खडक की साल, आणि गोळा करणाऱ्याच्या तोंडचे नाव यांची नोंद अवश्य करावी. कोशातील नाव ग्राहकाची समजूत सांगते. रानातील नाव त्या जीवाचा ठावठिकाणा सांगते. रक्षणाच्या कामी दुसऱ्या नावाचे मोल अधिक आहे.