अस्सल, नक्कल आणि भरलेली डिस्क

अपडेट संपते, संगणक सुरू होतो आणि सी ड्राइव्हची पट्टी लाल दिसते. काल पंधरा जीबी जागा मोकळी होती, आज दोनही उरलेली नाही. रात्रीतून आपण ना सिनेमा उतरवला, ना फोटो टाकले. मग जागा गेली कुठे? हा प्रश्न घेऊन माणूस ओळखीतल्या जाणत्या पोराकडे जातो. तो ऐटीत सांगतो, "कॅश भरलीय, उडवून टाका." आता नेमके काय उडवायचे, हे त्यालाही धड ठाऊक नसते. मग समोर दिसेल ते उडवले जाते. त्यात कधी यंत्राचा कचरा जातो, तर कधी घरातले असे काही, जे पुन्हा मिळणार नसते.

हा घोटाळा एका शब्दाने केला आहे, म्हणून त्या शब्दापासूनच सुरुवात करू.

या 'कॅश'चा रोकडीशी संबंध नाही. उच्चार सारखा, पण कूळ वेगळे. ज्या फ्रेंच क्रियापदापासून हा शब्द आला, त्याचा अर्थ लपवणे. उत्तर अमेरिकेच्या जंगलात कातडी मिळवण्यासाठी भटकणारे फ्रेंचभाषक शिकारी शिधा आणि सामान वाटेत दडवून ठेवत. सगळे ओझे पाठीवर वाहण्यापेक्षा लागेल तेव्हा लागेल तिथे हाताशी असावे, एवढाच हेतू. त्या दडवलेल्या साठ्याला कॅश म्हणत.

संगणकात ही कल्पना शब्दाच्या आधी आली. १९६२ च्या डिसेंबरात मँचेस्टर विद्यापीठात 'अ‍ॅटलस' या संगणकाचे उद्घाटन झाले. टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढची अडचण साधी होती. वेगवान स्मृती महाग म्हणून थोडी, आणि स्वस्त स्मृती भरपूर पण संथ. त्यांनी दोन्ही अशा जोडल्या, की प्रोग्राम लिहिणाऱ्याला ती एकच मोठी स्मृती वाटावी. जवळ काय ठेवायचे आणि दूर काय पाठवायचे, हे यंत्रच ठरवू लागले. पुढे एप्रिल १९६५ मध्ये केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी अवघ्या दोन पानांचा एक लेख प्रसिद्ध केला. मुख्य स्मृतीच्या पुढे एक छोटी, चपळ स्मृती ठेवावी आणि नुकत्याच वापरलेल्या गोष्टींच्या प्रती तिच्यात साठवाव्यात, अशी त्यांची सूचना होती. तिला त्यांनी नाव दिले 'स्लेव्ह मेमरी', म्हणजे गुलाम स्मृती.

हे नाव टिकले नाही. १९६८ मध्ये आयबीएमने सिस्टिम/३६० मालिकेतले 'मॉडेल ८५' जाहीर केले. त्यात अशी १६ केबीची चपळ स्मृती होती आणि ती ३२ केबीपर्यंत वाढवता येत होती. अभियंते तिला 'हाय-स्पीड बफर' म्हणत. आयबीएमच्या संशोधन नियतकालिकाचे संपादक लाइल जॉन्सन यांना हे नाव फार रुक्ष वाटले. त्यांनी दुसरे मागितले, कुणी सुचवले नाही, तेव्हा त्यांनीच 'कॅश' हा शब्द पुढे केला. एका संपादकाची ही दुरुस्ती आज जगभरच्या संगणकांत आणि फोनांत दिसते.

या मूळच्या कॅशचे तीन गुण होते. ती लहान होती. ती विसरणारी होती, म्हणजे नवे आले की जुने आपोआप बाहेर जाई. आणि तिच्यात फक्त प्रती असत. मॉडेल ८५ मध्ये प्रोग्रामने काही लिहिले, की ते मुख्य स्मृतीतही त्याच वेळी नोंदले जाई. त्यामुळे कॅश पुसली गेली तरी वेळ जाई, माहिती जात नसे.

आपल्या जुन्या दफ्तराकडे यासाठी नेमके शब्द आहेत: अस्सल आणि नक्कल. दोन्ही अरबी मुळाचे, फारसी कारभारातून मराठीत आलेले आणि इथेच मुरलेले. कारकून कागदाची प्रत करी, तेव्हा तिच्यावर 'अस्सल बरहुकूम नक्कल' असा शेरा असे. ही मुळानुसार केलेली प्रत आहे आणि मूळ दुसरीकडे आहे, अशी ती कबुली होती. नक्कल हरवली तर पुन्हा करता येते, अस्सल हरवले तर दावा बुडतो. दफ्तरात बसणाऱ्याला पहिल्या दिवशी शिकावा लागणारा हा भेद संगणकाच्या पडद्यावर मात्र दिसत नाही. तिथे दोन्ही फाइलच, दोन्ही पिवळ्या फोल्डरात.

आता अपडेटकडे येऊ. १९९० च्या दशकात विंडोजमध्ये एक दुखणे इतके पसरले होते, की जाणकारांनी त्याला 'डीएलएल हेल', म्हणजे डीएलएलचा नरक, असे नाव दिले. अनेक प्रोग्राम एकच सामायिक फाइल वापरत. नवा प्रोग्राम येताना त्या फाइलची स्वतःला हवी ती आवृत्ती टाकी आणि तिच्यावर चालणारे जुने प्रोग्राम कोसळत. विंडोज २००० मध्ये यावर एक उपाय आला. महत्त्वाच्या फाइलींच्या प्रती 'डीएलएल कॅश' नावाच्या फोल्डरात ठेवलेल्या असत. कुणी मूळ फाइल बदलली, की यंत्र तिथली प्रत काढून पुन्हा जागेवर बसवी. कॅश हा शब्द इथे वेगळ्याच कामाला लागला. पूर्वी ती वेगासाठी होती, आता ती विम्यासाठी झाली.

२००७ च्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा सामान्य ग्राहकांच्या हाती आले, तेव्हा हा विमा सगळ्या घरावर चढला होता. प्रणालीचे भाग 'विन-एसएक्सएस' नावाच्या एका कोठारात राहू लागले. अपडेटने एखादा भाग नवा आणला, तरी जुना लगेच जात नाही. अपडेट काढून टाकावे लागले तर परत कशावर जायचे, म्हणून तो मागे राहतो. हे फोल्डर पाहून अनेकांना धडकी भरते, पण तिथला आकडा फसवा असतो. एकच फाइल दोन ठिकाणांहून जोडलेली असते. डिस्कवर ती एकदाच असते, मोजणीत मात्र दोनदा येऊ शकते. कचरा समजून हे कोठार हाताने रिकामे करणाऱ्याचा संगणक पुन्हा सुरू न होण्याची शक्यता असते.

त्यामुळे अपडेटनंतर ज्याला आपण सरसकट 'कॅश' म्हणतो, त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली, अपडेटसाठी उतरवलेली गाठोडी. काम झाल्यावर त्यांची गरज उरत नाही. दुसरी, वर सांगितलेले कोठार. तिसरी, मोठ्या अपडेटनंतर 'विंडोज डॉट ओल्ड' या नावाने मागे राहणारी आख्खी जुनी प्रणाली. ती परतीची वाट असते. २०१५ मध्ये विंडोज १० आले तेव्हा ही वाट ३० दिवस उघडी राहत असे. २०१६ च्या मोठ्या अपडेटनंतर ती मुदत १० दिवसांवर आली. म्हणजे डिस्क भरली म्हणून जीव टांगणीला लागतो, त्यातली बरीच जागा काही दिवसांत आपोआप मोकळी होणार असते.

पण धीर धरणे सगळ्यांना परवडत नाही. ज्याच्याकडे ५०० जीबीची डिस्क आहे, त्याला वीस जीबी गेल्याचे कळतही नाही. ज्याने पोटाला चिमटा काढून पोरीच्या शिक्षणासाठी ३२ जीबीचा स्वस्त लॅपटॉप घेतला, त्याचे काम तिथेच थांबते. या छोट्या यंत्रांसाठी २०१४ मध्ये एक युक्ती निघाली. 'विमबूट' या पद्धतीत विंडोज दाबून बांधलेल्या एका गठ्ठ्यात राही आणि तिथूनच चाले. नव्या यंत्रावर जागा छान वाचे. पण अपडेट आले, की नवी फाइल गठ्ठ्याबाहेर लिहिली जाई आणि तिची जुनी आवृत्ती गठ्ठ्यात तशीच राही, कारण गठ्ठा सोडून पुन्हा बांधता येत नसे. दर अपडेटला डिस्क थोडी आणखी आवळली जाई. वर्षभरातच, विंडोज १० मध्ये, या पद्धतीच्या जागी दुसरी आणावी लागली. जागा वाचवण्याची युक्ती ज्यांच्यासाठी काढली, त्यांच्याच डिस्क तिने भरल्या.

या इतिहासातला सगळ्यात बोलका प्रसंग २०१८ चा आहे. २ ऑक्टोबरला विंडोज १० चे एक मोठे अपडेट बाहेर पडले. चारच दिवसांत मायक्रोसॉफ्टला ते थांबवावे लागले. काही लोकांच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरांतल्या स्वतःच्या फाइली नाहीशा झाल्या होत्या. कंपनीने दिलेला आकडा लहान होता, तक्रारींचे प्रमाण एक टक्क्याच्या शंभराव्या भागाएवढे. पण ज्याचे गेले, त्याचे सगळे गेले. कारण तपासल्यावर जे समोर आले, ते वाचून दफ्तरातला जुना कारकून कपाळाला हात लावील. काही लोकांनी आपली फोल्डरे दुसऱ्या ड्राइव्हवर हलवली होती. त्यामुळे एकाच नावाची दोन फोल्डरे दिसत आणि त्यांतले एक बहुधा रिकामे असे. ही रिकामी जोडफोल्डरे नकोत, अशी तक्रार आधी आली होती. म्हणून ती काढून टाकणारा कोड अपडेटमध्ये घातला गेला. पण काही संगणकांवर जुन्या जागीच माणसाच्या फाइली राहिल्या होत्या. यंत्राने त्या जागेला जादा प्रत समजून सफाई केली, आणि गेले ते अस्सल.

दुरुस्त केलेले अपडेट १३ नोव्हेंबरला पुन्हा आले. त्याच काळात विंडोजच्या सफाईच्या यादीत 'डाउनलोड्स' फोल्डरही दिसू लागले. त्यावर आपोआप खूण होत नसे. पण जागा मिळवायच्या घाईत माणूस दिसेल त्या चौकटीवर खूण करतो. डाउनलोड्स म्हणजे कंपनीच्या लेखी इंटरनेटवरून आलेला, पुन्हा उतरवता येणारा माल. आपल्या घरांत त्याच फोल्डरात पोराची गुणपत्रिका असते, सातबाराचा उतारा असतो, मामूंनी पाठवलेला निकाहनाम्याचा फोटो असतो. ते नाव २०२० मध्ये त्या यादीतून काढले गेले.

२०१९ च्या अपडेटपासून नव्या संगणकांवर साधारण सात जीबी जागा अपडेटसाठी आधीच राखून ठेवली जाऊ लागली. विंडोज १० साठी लागणारी किमान डिस्कही ३२ जीबी झाली. परतीच्या वाटेचा खर्च निदान उघडपणे मांडला गेला. मग २०२४ च्या ऑक्टोबरात विंडोज ११ चे नवे अपडेट आले आणि लोकांच्या पडद्यावर एक हट्टी आकडा बसला: ८.६३ जीबी. सफाई केली तरी तो हलत नव्हता. न पुसता येणारी कॅश, असा त्याचा बोभाटा झाला. मायक्रोसॉफ्टचा खुलासा आला, की मोकळी व्हायची ती जागा पहिल्याच सफाईत मोकळी झाली आहे, चुकतो आहे तो सफाईच्या साधनाने दाखवलेला आकडा. तोवर कितीतरी लोक तो आकडा हलवण्यासाठी नाना आज्ञा टाइप करत बसले होते.

साठ वर्षांत असा प्रवास झाला. १६ केबीची, क्षणात विसरणारी गुलाम स्मृती होती. आज त्याच नावाखाली कित्येक जीबींचा साठा आहे, आणि तो विसरायला तयार नाही. यंत्र आपल्या नकला जपते, कारण त्याच्या कर्त्यांनी नरक पाहिलेला आहे. एखादी फाइल बिघडली तर परत कुठे जायचे, याची तजवीज त्यांनी केली आहे. प्रश्न आपला आहे. आपल्या अस्सलाची तशी तजवीज आपण केली आहे का? प्रणालीच्या फाइलींच्या दोन-दोन आवृत्त्या आपल्या डिस्कवर आहेत. दादांच्या हातच्या पत्रांचे स्कॅन मात्र एकाच फोल्डरात आहेत, आणि तेही बहुधा डाउनलोड्समध्ये.

म्हणून पट्टी लाल झाली तर आधी हात आवरा. नुकतेच मोठे अपडेट झाले असेल तर शक्य तेवढे दिवस थांबा. घाई असेल तर यंत्राच्या सेटिंग्जमधल्या सफाईच्या साधनानेच साफ करा, प्रणालीच्या फोल्डरांत शिरून हाताने काही पुसू नका. यादीतली प्रत्येक ओळ वाचा आणि मगच खूण करा. आणि हे सगळे करण्याआधी, खरे तर पुढचे अपडेट येण्याआधीच, घरातल्या कागदांची आणि फोटोंची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर काढून ठेवा. त्या पेनड्राइव्हला एक चिठ्ठी बांधा. तिच्यावर तारीख घाला आणि खाली लिहा: अस्सल बरहुकूम नक्कल.