मेंदूंतील चट्ट्यांचा शोध



तोरण्याच्या पायथ्याशीं वसलेल्या वेल्ह्यासारख्या गांवांत एखाद्या तरुण स्त्रीची एका डोळ्याची दृष्टि अचानक मंद झाली आणि महिन्या-दोन महिन्यांत ती आपोआप सुधारली, तर घरचीं माणसें त्यास अशक्तपणाच म्हणतील. वर्षभरानें तिचे पाय बधिर झाले, तर या दोन दुखण्यांचा संबंध कोण जोडणार? मल्टिपल स्क्लेरोसिस या व्याधीची रीत नेमकी अशी आहे. तिचे घाव निरनिराळ्या वेळीं, निरनिराळ्या ठिकाणीं पडतात. हे घाव वैद्यांच्या दृष्टीस कसे पडूं लागले, त्याचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

विजेच्या तारेवर वेष्टन असतें, तसें मेंदूंतील पुष्कळ तंतूंवर मायेलिनचें स्निग्ध आवरण असतें. या रोगांत शरीराची संरक्षक सेनाच त्या आवरणावर उलटते. आवरण झडलें म्हणजे संदेश अडखळतात आणि त्या जागीं चट्टा पडतो. पॅरिसच्या शार्को यांनीं १८६८ सालीं या रोगाचें स्पष्ट वर्णन केलें. परंतु चट्टे पाहावयास शवविच्छेदनाचीच वाट धरावी लागे. १९१६ सालीं स्कॉटलंडमधील जेम्स डॉसन यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून लिहिलें कीं, हे चट्टे लहान शिरांभोंवतीं पसरतात. हा तपशील ध्यानांत ठेवावा. पुढें त्याला मोठें मोल आलें.

जिवंत मेंदूंत डोकावण्याचें साधन पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेंत सांपडलें. १९४६ सालीं अमेरिकेंत ब्लॉख आणि पर्सेल यांनीं स्वतंत्रपणें दाखविलें कीं, प्रबळ चुंबकाच्या क्षेत्रांतील अणुकेंद्रें ठराविक रेडिओलहरींना प्रतिसाद देतात. ध्वनिक्षेपण ज्या लहरींवर चालतें, त्याच जातीच्या या लहरी. ब्लॉख यांच्या प्रयोगशाळेंत १९५१ सालीं अल्कोहोलच्या रेणूंतील हायड्रोजनचे वेगवेगळे संकेत ज्या तिघांनीं टिपले, त्यांत एस्. एस्. धर्मट्टी हे भारतीय होते. पुढें मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत त्यांनीं हेंच संशोधन रुजविलें. १९७३ सालीं लॉटरबर यांनीं अशा संकेतांपासून चित्र बनविलें; मॅन्सफील्ड यांनीं ती रीत जलद केली. दोघांना २००३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

१९८१ सालीं लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयांतील मंडळींनीं या व्याधीचे दहा रुग्ण तपासले. क्ष-किरणांच्या सी. टी. यंत्रास १९ चट्टे दिसले होते. नव्या यंत्रानें आणखी ११२ दाखविले. चट्ट्यांत पाण्याचा अंश वाढलेला असतो, म्हणून ते चित्रांत पांढरे उमटतात. पुढें मेंदूभोंवतालच्या द्रवाची चकाकी दाबून टाकणारी 'फ्लेअर' पद्धति निघाली आणि त्या द्रवालगतचे चट्टे स्पष्ट झाले. गॅडोलिनियमचें औषध शिरेंतून दिलें असतां ताजे चट्टे उजळतात, जुने उजळत नाहींत. त्यामुळें घावांचें वयही कळूं लागलें.

हा रोग थंड देशांतला, आपल्याकडे क्वचितच, असें पूर्वीं मानीत. मुंबईच्या पारशी समाजाची पाहणी १९८८ सालीं प्रसिद्ध झाली. तींत लाखामागें सुमारें २१ रुग्ण आढळले. डॉ. नोशिर वाडिया यांच्यासारख्या मज्जाविकारतज्ज्ञांनीं या प्रश्नाचा पाठपुरावा केला, आणि रुग्णांसाठीं मुंबईंत १९८५ सालीं एक सोसायटीही स्थापन झाली. भारतांतील पहिलें एम्. आर्. आय्. यंत्र दिल्लीस आलें तें १९८६ सालीं.

तथापि प्रत्येक पांढरा ठिपका या रोगाचा नव्हे. अर्धशिशी, रक्तवाहिन्यांचे विकार, क्षय, यांचेही ठिपके दिसतात. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका नांवाचा विकार तर डोळा व कणा यांवरच घाला घालतो. त्याची रक्तांतील खूण २००४ सालीं सांपडली. मल्टिपल स्क्लेरोसिसवरील इंटरफेरॉनसारखें औषध त्या रुग्णास दिल्यास अपायच होतो. म्हणजे निदान चुकल्यास उपचारच घात करतो.

येथें डॉसन यांचें निरीक्षण उपयोगी पडलें. रक्तांतील लोहाचा चुंबकीय परिणाम टिपणाऱ्या नव्या चित्रांत चट्ट्याच्या मध्यभागीं शीर दिसते. ती बहुसंख्य चट्ट्यांत असली तर संशय बळावतो. कांहीं चट्ट्यांभोंवतीं लोहयुक्त पेशींची काळी कडाही दिसते. तेथें आग अजून धुमसत असते. २००१ सालीं ठरलेल्या मॅक्डोनाल्ड निकषांच्या २०२४ च्या सुधारणेंत या दोन्ही खुणांना स्थान मिळालें आहे.

आतां आवरणाची झीज थोपविणारीं औषधें आहेत, आणि तीं लवकर दिलीं तरच त्यांचा खरा लाभ होतो. तथापि यंत्र केवळ साक्ष देतें. रुग्णाची हकीकत शांतपणें ऐकून निवाडा करावयाचा तो वैद्यानेंच. "यापूर्वीं कधीं एका डोळ्यानें कमी दिसत होतें काय?" हा साधा प्रश्न विचारावयास कोणतेंही यंत्र लागत नाहीं.