पिशवी राखण्याचा इतिहास

जुन्नर शहराजवळ, कुकडी नदीच्या पलीकडे, लेण्याद्रीचा डोंगर आहे. तेथील प्राचीन बौद्ध लेण्यांपैकीं सातव्या लेण्यांत अष्टविनायकांतील एक गणपति विराजमान असून त्यास गिरिजात्मज म्हणतात. गिरिजेनें पुत्रप्राप्तीसाठीं येथें बारा वर्षें तप केलें, अशी कथा आहे. जवळच्याच शिवनेरी किल्ल्यावर १६३० सालीं शिवछत्रपतींचा जन्म झाला. मातृत्वाचा गौरव ज्या मुलखाच्या डोंगराडोंगरांत असा भरून राहिला आहे, तेथेंहि गर्भाशयाच्या दुखण्याविषयीं बोलणें मात्र माजघराबाहेर क्वचितच येतें. त्या दुखण्यांपैकीं एकाचा, म्हणजे गर्भाशयांतील गांठींचा, इतिहास सुशिक्षित कुटुंबांनीं जाणून घेण्यासारखा आहे.

ह्या गांठी गर्भाशयाच्या स्नायूंतून वाढतात. त्यांना फायब्रॉइड हें नांव रूढ आहे. त्या कर्करोगाच्या क्वचितच असतात, आणि पुष्कळ स्त्रियांना त्यांचा कांहींच त्रास होत नाहीं. त्रास होतो तो बहुधा गांठीच्या जागेवर व आकारावर अवलंबून असतो. गर्भाशयाच्या पोकळींत डोकावणारी लहानशी गांठहि पाळीच्या वेळीं अतोनात रक्तस्राव करविते व गर्भधारणेस अडथळा आणते. उलट बाहेरच्या अंगास वाढलेली मोठी गांठहि अपत्यप्राप्तीच्या आड येईलच असें नाहीं.

प्राचीन वैद्यांनाहि पोटांतील अशा वाढीची जाणीव होती. चरकसंहितेंत ‘रक्तगुल्म’ म्हणून जो विकार वर्णिला आहे, तो केवळ स्त्रियांना होतो व गर्भासारखा भासतो. म्हणून दहा महिने उलटल्यावांचून त्यावर उपचार करूं नये, असा इशारा ग्रंथकारानें दिला आहे. प्रत्येक रक्तगुल्म म्हणजे आजचा फायब्रॉइड असें म्हणतां येणार नाहीं. परंतु घाईनें गर्भाचा घात होऊं नये, ही दृष्टि त्यांत स्पष्ट दिसते.

शस्त्रक्रियेचें युग एकोणिसाव्या शतकांत आलें. अमेरिकेंतील लोवेल गांवीं १८५३ सालीं वॉल्टर बर्नहॅम ह्या शस्त्रवैद्यानें बीजकोशाची गांठ समजून एका स्त्रीचें पोट उघडलें. निघाला तो गांठींनीं भरलेला गर्भाशय. तो काढून टाकण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं, आणि ती स्त्री वांचली. पुढें गुंगीचें औषध व जंतुनाशक पद्धति ह्यांच्या साहाय्यानें ही शस्त्रक्रिया सुकर झाली, आणि गांठ आढळली कीं सबंध पिशवीच काढावी असा प्रघात पडत गेला. रक्तस्राव थांबे, पण त्याबरोबर मातृत्वाची आशाहि कायमची संपे.

ह्या प्रघाताविरुद्ध लंडनचे व्हिक्टर बॉनी (१८७२–१९५३) हे उभे राहिले. त्यांच्या पत्नीचा गर्भाशय ह्याच विकारामुळें काढावा लागला होता, आणि त्या दांपत्यास अपत्य झालें नाहीं. केवळ गांठी सोलून काढाव्यात व गर्भाशय शिवून पूर्ववत् करावा, ह्या शस्त्रक्रियेचा बॉनी ह्यांनीं जन्मभर पुरस्कार केला. मराठी मुलखाशीं निकटचें उदाहरण गोमंतकांतील शिरोडें येथें १८९९ सालीं जन्मलेल्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांचें. त्यांचें क्षेत्र गांठींचें नव्हे. परंतु १९५५ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या, गर्भाशयाचें मुख बांधण्याच्या टाक्यानें वारंवार गर्भपात होणाऱ्या अनेक स्त्रियांची कूस उजविली. अवयव टाकण्यापेक्षां राखण्याकडे पाहणारी ही परंपरा होय.

१९९५ सालीं पॅरिसच्या जाक राविना ह्यांनीं तिसरा मार्ग दाखविला. शस्त्रक्रियेपूर्वीं रक्तस्राव आटोक्यांत यावा म्हणून ते गर्भाशयाच्या धमन्या सूक्ष्म कणांनीं बंद करीत. तेव्हां कित्येक रोगिणींना पुढें शस्त्रक्रियेची गरजच भासेना.

ह्या निरनिराळ्या उपायांनंतर पाळीचें व अपत्यप्राप्तीचें काय होतें? गांठी सोलून काढल्यावर पाळी साधारणतः महिना-दीड महिन्यांत पुन्हां सुरू होते व पुष्कळदां स्राव कमी होतो. गर्भ राहूं शकतो. मात्र जखम भरून येण्यास कांहीं महिने द्यावे लागतात, चीर खोल असल्यास बाळंतपण शस्त्रक्रियेनें करावें लागतें, आणि नव्या गांठी येण्याचा संभव उरतो. धमन्या बंद केल्यास पहिल्या कांहीं पाळ्या अनियमित होऊन मग स्राव उतरतो. चाळिशीच्या आंत पाळी कायमची बंद पडणें विरळा, पंचेचाळिशीनंतर तें अधिक घडतें. त्यानंतरहि स्त्रिया माता झाल्या आहेत; तथापि अपत्याची इच्छा असणारीस बहुधा गांठी काढण्याचाच सल्ला दिला जातो. पिशवी काढल्यावर पाळी व गर्भधारणा दोन्ही संपतात. बीजकोश राखले असतील तर शरीरांतील स्त्रीरस चालू राहतात. तेहि काढले तर तरुणपणींच रजोनिवृत्ति येऊन हाडें ठिसूळ होऊं लागतात.

हा भेद न कळल्यास काय घडतें, हें बीड जिल्ह्यानें महाराष्ट्रास दाखविलें. तीन वर्षांत तेथें ४,६०५ स्त्रियांचे गर्भाशय काढले गेले, असें २०१९ सालीं शासनानें विधिमंडळांत सांगितलें. त्याच वर्षींच्या पाहणींत ८२,३०९ ऊंसतोड कामगार स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. सर्वांना गांठी होत्या असें नव्हे. पोटदुखी, अंगावरून जाणें आणि कर्करोगाची भीति एवढ्यावरहि शस्त्रक्रिया झाल्या. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची, जोडीनें एका कोयत्यावर राबावयाचें आणि पाळींत खाडा पडला कीं पैसे कापून जावयाचे, अशा जिण्यांत पाळी हीच अडचण वाटूं लागली. एप्रिल २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठीं केंद्राचीं मार्गदर्शक तत्त्वें तीन महिन्यांत स्वीकारावीत, असा आदेश राज्यांना दिला.

जुन्नरांत विघ्नहर आणि आंबेगांवांत भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने आहेत. गळिताचा हंगाम आला कीं कोरडवाहू भागांतून तोडणीच्या टोळ्या ह्या बागायती शिवारांत उतरतात. शहरांतील गृहिणीस दुसऱ्या डॉक्टरांचें मत घेतां येतें, सोनोग्राफी करवितां येते, “गांठ कोठें आहे, बीजकोश राहतील ना, दुसरा उपाय आहे काय” असें विचारतां येतें. पालाच्या खोपींतील स्त्रीस हेच तीन प्रश्न विचारण्यास अवसर मिळावा आणि उत्तर ऐकतांना तिचा रोज बुडूं नये, एवढी सोय झाल्यावांचून दीडशेंहून अधिक वर्षांच्या ह्या वैद्यकीय प्रगतीचा लाभ तिच्यापर्यंत पोंचला, असें म्हणतां येणार नाहीं.