शिथिलीकरण आणि कर्करोग : एका अपेक्षेचा इतिहास

१९७८ साली अमेरिकेत कर्करोगाविषयी दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सूझन साँटॅग यांचे 'इलनेस ॲज मेटाफर' साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. रोगाभोवती रचली जाणारी रूपके, विशेषतः युद्धाची, रुग्णावर आणखी एक ओझे लादतात, हे त्यांचे प्रतिपादन. त्या स्वतः काही वर्षांपूर्वीच स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांतून गेल्या होत्या. दुसरे पुस्तक 'गेटिंग वेल अगेन'. किरणोपचारतज्ज्ञ कार्ल सिमॉन्टन, त्यांच्या पत्नी स्टेफनी आणि जेम्स क्रेटन हे त्याचे लेखक. डोळे मिटा, अंग सैल सोडा, आणि आपल्या पांढऱ्या पेशींचे सैन्य दुबळ्या कर्कपेशींवर तुटून पडत आहे असे चित्र मनापुढे आणा, असे ते रुग्णाला सांगते. एका पुस्तकाने जे रूपक मोडीत काढायला सांगितले, तेच दुसऱ्याने औषध म्हणून हाती दिले.

वास्तविक शिथिलीकरणाच्या मूळ कल्पनेत युद्ध कोठेच नव्हते. शिकागोचे एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली 'प्रोग्रेसिव्ह रिलॅक्सेशन' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. एकेक स्नायू आवळायचा, मग सोडायचा आणि दोहोंमधला फरक जाणून घ्यायचा, एवढीच त्यांची रीत. तिला फार वेळ लागे. पुढे जोसेफ वोल्पी यांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात तिचे आटोपशीर रूप मांडले आणि ती दवाखान्यात वापरण्याजोगी झाली. आपल्याकडे 'हठयोगप्रदीपिके'त शवासन आहेच. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी सहकाऱ्यांसह रक्तदाबाच्या रुग्णांना शवासन शिकवून त्याचे निष्कर्ष १९६९ साली 'अँजिऑलॉजी' या नियतकालिकात मांडले होते. मात्र कर्करोगाच्या रुग्णाला 'शवासन करा' म्हणताना जीभ अडखळते, हे कबूल केले पाहिजे. 'शिथिलीकरण' हा रूक्ष शब्द अशा वेळी अधिक दयाळू वाटतो. असो.

या उपचाराला कर्करोगात खरे काम मिळाले ते एका अत्यंत गद्य कारणाने, म्हणजे उलटीने. सिसप्लॅटिनसारखी औषधे १९७० च्या दशकाच्या अखेरीस वापरात आली तेव्हा ती सोसणे भयंकर होते. काही फेऱ्यांनंतर औषध शिरेत जाण्यापूर्वीच, रुग्णालयाच्या नुसत्या वासाने किंवा परिचारिकेला पाहताच, रुग्णाला मळमळू लागे. पावलॉव्हच्या कुत्र्याची ही क्रूर आवृत्तीच. यामुळे काही जण उपचार अर्धवट सोडत. टॉमस बुरिश आणि जीन लाइल्स यांनी १९८१ साली जेकबसनच्या परंपरेतले शिथिलीकरण अशा रुग्णांवर योजले, तेव्हा मळमळ आणि चिंता दोन्ही कमी झाल्याचे त्यांना आढळले. पुढच्याच वर्षी गॅरी मॉरो यांनी ६० रुग्णांवरील प्रयोगात शिथिलीकरणावर आधारलेल्या वर्तनोपचाराचा तसाच गुण दाखवला. १९९१ साली ऑन्डॅन्सेट्रॉन अमेरिकेत बाजारात आले आणि उलटी थोपवण्याचे बरेचसे काम गोळीने उचलले. मला या साऱ्या इतिहासातला हाच टप्पा सर्वांत प्रामाणिक वाटतो : त्रास नेमका, दावा मर्यादित, मोजमाप स्वच्छ.

पण लोकांच्या कल्पनेवर राज्य केले ते सिमॉन्टनच्या सैन्याने. त्या पुस्तकाची दुसरी बाजू अशी की, आजारपणात आपला स्वतःचा वाटा कोणता हे रुग्णाने शोधावे, असे ते सुचवते. गाठ वाढली की मग प्रश्न उरतो : मी नीट कल्पना केली नाही का? ज्या अपराधभावापासून साँटॅग रुग्णाला सोडवू पाहत होत्या, तोच येथे सद्हेतूने परत येतो.

डेव्हिड स्पीगल यांची कथा तर अधिक उपरोधिक आहे. मनामुळे आयुष्य वाढते या समजुतीला छेद देण्याच्या अपेक्षेनेच त्यांनी आपल्या जुन्या प्रयोगाची आकडेवारी पुन्हा तपासली. पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ८६ स्त्रिया. त्यांतल्या ५० जणींना वर्षभर दर आठवड्याला गटचर्चा आणि वेदनेसाठी स्वसंमोहन. १९८९ च्या 'लॅन्सेट'मधील निष्कर्ष उलटाच निघाला : गटातल्या स्त्रिया सरासरी ३६.६ महिने जगल्या, इतर १८.९. वृत्तपत्रांना आणखी काय हवे होते! मात्र २००१ साली पामेला गुडविन आणि सहकाऱ्यांनी २३५ स्त्रियांवर हाच प्रयोग केला तेव्हा आयुर्मानात फरक दिसला नाही, आणि २००७ साली स्पीगल यांच्या स्वतःच्या पुनर्प्रयोगातही एकूण रुग्णांचे आयुष्य वाढल्याचे आढळले नाही.

गुडविन यांच्या त्याच शोधनिबंधात, आयुर्मानाच्या आकड्यांखाली झाकोळलेली आणखी एक नोंद आहे. गटात बसलेल्या स्त्रियांना वेदना कमी जाणवत होत्या, आणि ज्या सुरुवातीला अधिक व्याकूळ होत्या त्यांना त्याचा लाभ अधिक झाला. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थांनी २०२३ साली चिंता आणि नैराश्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत उपचार चालू असतानाच्या चिंतेसाठी शिथिलीकरणाचा समावेश आहे.